विधिमंडळाची भाषा आणि भाषेचे विधी : हाना-राफिती माइपी-क्लार्क ह्यांच्या कारकीर्दीचा प्रारंभ

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी न्यूझीलंडमध्ये झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत हौराकी-वाइकातो ह्या माओरी मतदारसंघातून हाना-राफिती माइपी-क्लार्क ह्या एकवीस वर्षांच्या तरुणी पार्लमेंटवर निवडून आल्या. १८५३ साली जेम्स स्ट्युअर्ट-वॉर्टली हे वयाच्या विसाव्या वर्षी त्या सभागृहात आले होते. त्यानंतरच्या एकशेसत्तर वर्षांत इतका तरुण सभासद तेथे आला नव्हता. पुढे सुमारे वर्षभरात दोन प्रसंगांनी त्यांचे नाव जगभर झाले. पहिला प्रसंग डिसेंबर २०२३ मधील त्यांच्या पहिल्या भाषणाचा. दुसरा नोव्हेंबर २०२४ मधील, भर सभागृहात विधेयकाची प्रत फाडून त्यांनी हाका सुरू केली त्याचा. ह्या प्रसंगांच्या चित्रफिती ज्यांनी पाहिल्या त्यांतील बहुतेकांना माओरी भाषेचा एक शब्दही कळत नव्हता. साहजिकच जे घडले ते त्यांनी दृश्य म्हणून पाहिले, आणि एका निर्भय तरुणीचा आवेश एवढाच त्याचा अर्थ लावला.

हा अर्थ चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. भाषेच्या अभ्यासकाला ह्या कारकीर्दीत जो प्रश्न दिसतो तो वयाचा नाही आणि आवेशाचाही नाही. एखाद्या विधिमंडळाने एका भाषेला राजमान्यता दिली, म्हणजे नेमके काय दिले? त्या भाषेतील शब्द उच्चारण्याची मुभा दिली, की त्या भाषेत बोलण्याच्या, उत्तर देण्याच्या आणि नकार देण्याच्या ज्या रीती आहेत त्यांनाही जागा दिली? माइपी-क्लार्क ह्यांच्या पहिल्या दोन वर्षांत हा प्रश्न त्या सभागृहापुढे दोनदा आला. पहिल्या वेळी सभागृहाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वेळी शिक्षा केली.

(नावाच्या उच्चाराविषयी एक खुलासा येथेच केलेला बरा. रोमन लिपीत ‘डब्ल्यू’ व ‘एच’ ह्या दोन वर्णांनी लिहिला जाणारा माओरी ध्वनी आज सामान्यतः ‘फ’च्या जवळचा उच्चारला जातो, म्हणून ‘राफिती’.)

विधेयक फाडण्याचा प्रसंग समजून घ्यावयाचा तर १८४० सालापर्यंत मागे जाणे भाग आहे. त्या वर्षी ६ फेब्रुवारीस वाइतंगी येथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार ह्यांच्यात करार झाला. कराराचा इंग्रजी मसुदा ४ फेब्रुवारीस हेन्री विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याच्या हाती पडला, आणि त्याने व त्याच्या मुलाने एका रात्रीत त्याचे माओरी भाषांतर केले. पुढील काही महिन्यांत पाचशेहून अधिक सरदारांनी करारावर सह्या वा खुणा केल्या. त्यांतील चाळिसाच्या आतबाहेर सोडल्यास बाकी सर्वांच्या सह्या माओरी पाठावर आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण दोन्ही पाठ एकच गोष्ट सांगत नाहीत.

इंग्रजी पाठाच्या पहिल्या कलमात सरदारांनी सार्वभौमत्व राणीच्या हवाली केले, असे म्हटले आहे. माओरी पाठात त्या जागी ‘कावनतंगा’ हा शब्द आहे. हा शब्द मुळात माओरी नव्हे. ‘गव्हर्नर’ ह्या इंग्रजी शब्दाचे माओरी ध्वनिव्यवस्थेत ‘कावना’ असे रूप झाले, आणि त्याला भाववाचक ‘तंगा’ हा प्रत्यय जोडून मिशनऱ्यांनी हा शब्द घडवला. मराठीत ‘पाटील’ पासून ‘पाटीलकी’ व ‘सुभेदार’ पासून ‘सुभेदारी’ होते, त्याच जातीची ही घडण आहे. मराठीत तिचे तंतोतंत भाषांतर करावयाचे तर ‘गव्हर्नरकी’ असेच करावे लागेल. आता गव्हर्नरकी देणे आणि सार्वभौमत्व देणे ह्यांतील अंतर कोणासही कळेल. माओरी श्रोत्यांना हा शब्द ओळखीचा होता तो बायबलच्या भाषांतरांतून, आणि तेथे तो रोमन सुभेदार पाँटियस पायलेट ह्याच्या अधिकारासाठी आलेला होता. पायलेट हा अधिकारी खरा, पण राजा नव्हे.

उलट दुसऱ्या कलमात सरदारांना, कुळांना व लोकांना त्यांच्या जमिनी, गावे आणि ‘ताओंगा’ म्हणजे जतन करण्याजोग्या सर्व मोलाच्या वस्तू ह्यांवर ‘तिनो रंगतिरतंगा’ राहील, असे वचन माओरी पाठात आहे. ‘रंगतिरा’ म्हणजे सरदार. ‘रंगतिरतंगा’ म्हणजे त्याचे सरदारपण, त्याची स्वतःची, कोणाकडून न मिळालेली सत्ता. आणि ‘तिनो’ने तिला पूर्णत्व दिले. इंग्रजी पाठात ह्या जागी मालमत्तेच्या निर्वेध ताब्याची भाषा आहे. म्हणजे एका पाठात सत्ता गेली आणि मालमत्ता राहिली; दुसऱ्या पाठात कारभार गेला आणि सत्ता राहिली. भाषांतरकाराजवळ दुसरा शब्द नव्हता असेही म्हणता येत नाही. १८३५ सालच्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्राचे भाषांतरही विल्यम्सनेच केले होते, आणि तेथे राज्यसत्तेसाठी त्याने ‘मना’ हा शब्द योजला होता. तो शब्द १८४० मध्ये पुढे ठेवला असता तर किती सरदारांनी सही केली असती, ह्याचा तर्क प्रत्येकाने करावा. रूथ रॉस ह्या इतिहासकार बाईंनी १९७२ साली दोन्ही पाठांची तुलना करून ह्या तफावतीकडे विद्वानांचे लक्ष वेधले, तोवर सरकारी व्यवहारात इंग्रजी पाठ हाच करार समजला जात असे. पुढे वाइतंगी न्यायाधिकरणाने २०१४ साली उत्तरेकडील कुळांच्या दाव्यावरील अहवालात असा निष्कर्ष काढला की, फेब्रुवारी १८४० मध्ये सही करणाऱ्या सरदारांनी आपले सार्वभौमत्व सोडून दिले नव्हते.

दोन पाठांची ही अडचण कायद्याने एका तिसऱ्या शब्दाच्या आश्रयाने निभावून नेली. १९७५ च्या कायद्याने न्यायाधिकरण स्थापन झाले. त्या कायद्यात, आणि पुढे १९८६ च्या सरकारी उद्योगांविषयीच्या कायद्यात, कराराच्या शब्दांऐवजी कराराच्या ‘तत्त्वां’चा उल्लेख करण्यात आला. तत्त्वे कोणती, हे कायद्याने सांगितले नाही. ते १९८७ पासून न्यायालये व न्यायाधिकरण ठरवीत आली. शब्दांवर एकमत होत नाही तेव्हा तत्त्वांवर बोलावे, ही युक्ती जुनीच आहे. मात्र तीत एक धोका असतो : शब्द करारात लिहिलेले असतात, तत्त्वे मात्र कोणीही नव्याने लिहू शकतो. २०२४ च्या विधेयकाने नेमके हेच केले.

परंतु त्याआधी भाषेचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. १८६७ हे साल त्या दृष्टीने फार बोलके आहे. त्या एकाच वर्षी न्यूझीलंडच्या पार्लमेंटने दोन कायदे केले. एकाने माओरी पुरुषांसाठी चार राखीव जागा निर्माण करून त्यांना सभागृहात आणले; दुसऱ्याने माओरी मुलांसाठी शाळा काढल्या आणि इंग्रजी ही शिक्षणाची भाषा ठरवली. सभागृहात माओरी सभासदांसाठी दुभाषी बसू लागला, त्याच सुमारास शाळेत माओरी बोलणाऱ्या मुलाच्या हातावर छडी बसू लागली. शंभर वर्षांनी त्याचे फळ दिसले. १९७० नंतरच्या दशकात रिचर्ड बेंटन ह्यांनी घरोघर केलेल्या पाहणीत असे आढळले की, घरात मुलांशी माओरी बोलण्याचा परिपाठ जवळजवळ संपुष्टात आला होता. ज्या भाषेचे बोलणारे केवळ म्हातारे असतात तिचे भवितव्य सांगावयास भाषाशास्त्रज्ञाची गरज नसते.

१४ सप्टेंबर १९७२ रोजी तीस हजारांहून अधिक सह्यांचा एक अर्ज पार्लमेंटच्या पायऱ्यांवर सादर करण्यात आला. माओरी भाषा शाळांतून शिकवली जावी, एवढीच त्याची मागणी होती. ‘ङा तामातोआ’ ह्या तरुण माओरींच्या संघटनेतील हाना ते हेमारा ह्या त्या कार्यात पुढे होत्या. त्या माइपी-क्लार्क ह्यांच्या नात्यातील ज्येष्ठ. माइपी-क्लार्क ह्यांचे आजोबा ताइतिमु माइपी हेही त्याच संघटनेचे. वाइकातोवरील आक्रमणाच्या काळातील ब्रिटिश अधिकारी कॅप्टन हॅमिल्टन ह्याच्या नावाच्या शहरात उभा असलेला त्याचा पुतळा त्यांनी २०१८ साली लाल रंगाने माखला, आणि २०२० साली नगरपालिकेने तो हलवला. १८७२ मध्ये मंत्रिमंडळात गेलेले पहिले माओरी, विरेमु कातेने, हेही ह्याच कुळातले. म्हणजे सभागृहाच्या आत जाणे आणि सभागृहाच्या पायरीवर उभे राहून मागणी करणे, ह्या दोन्ही परंपरा ह्या मुलीला घरातच मिळाल्या.

१९७२ नंतरची घडामोड वेगाने झाली. १९८२ मध्ये वाइनुइओमाता येथे पहिले ‘कोहंगा रेओ’ म्हणजे ‘भाषेचे घरटे’ निघाले. आजी-आजोबांनी नातवंडांशी दिवसभर केवळ माओरीत बोलावे, अशी ती बालशाळा. १९८५ मध्ये सभागृहाच्या नियमांनी सभासदांना इंग्रजीत वा माओरीत बोलण्याचा हक्क दिला. १९८६ मध्ये न्यायाधिकरणाने निर्णय दिला की, भाषा हीदेखील ‘ताओंगा’ आहे, आणि म्हणून करारातील दुसऱ्या कलमाचे संरक्षण तिला आहे. एका शब्दाच्या अर्थव्याप्तीने एक भाषा कायद्याच्या छत्राखाली आली, असे उदाहरण विरळा. १९८७ मध्ये माओरी ही अधिकृत भाषा झाली. २०२३ च्या जनगणनेत दैनंदिन विषयांवर माओरीत संभाषण करू शकणाऱ्यांची संख्या दोन लाखांवर होती. एकूण लोकसंख्येच्या मानाने ती चार टक्क्यांच्या आसपास भरते. आकडा लहान आहे. पण बेंटन ह्यांच्या पाहणीनंतर पन्नास वर्षांनी तो शून्याकडे न जाता वाढतो आहे, हे त्यातील विशेष.

२००२ साली जन्मलेल्या माइपी-क्लार्क ह्या भाषेच्या ह्या पुनरुज्जीवनानंतरच्या पिढीच्या. हंटली ह्या वाइकातो नदीकाठच्या गावी वडिलांबरोबर सामुदायिक बाग चालवून त्या मुलांना ‘मारामाताका’ म्हणजे माओरी चांद्र कालगणना शिकवीत असत. आपल्या पंचांगातील तिथींप्रमाणे ह्या गणनेत चांद्रमासाच्या प्रत्येक रात्रीस स्वतंत्र नाव असते, आणि कोणत्या रात्रीनंतर पेरावे, केव्हा मासेमारी करावी हे त्यावरून ठरते. ह्या विषयावर वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी ‘माहिना’ हे पुस्तक लिहिले. त्या नावातील दीर्घ ‘आ’ दोनदा वर्ण लिहून दाखवला आहे, वर रेघ देऊन नव्हे. ही वाइकातोची लेखनपद्धती असून ऑकलंड विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ ब्रूस बिग्ज ह्यांनीही तिचा पुरस्कार केला होता. देशभर रेघेची पद्धत रूढ झाली तरी वाइकातोने आपली सोडली नाही. शुद्धलेखनातही प्रदेशाचा अभिमान कसा टिकून राहतो, हे मराठी वाचकास सांगावयास नको.

निवडणुकीतील त्यांच्या प्रतिस्पर्धी ननाइया महुता ह्या कोणी सामान्य उमेदवार नव्हत्या. त्या १९९६ पासून सभासद होत्या, २००८ मध्ये हा मतदारसंघ निर्माण झाल्यापासून त्याच्या प्रतिनिधी होत्या, आणि २०२० पासून परराष्ट्रमंत्री. वाइकातोच्या राजघराण्याशी त्यांचे नाते होते, आणि १८६३ नंतर जप्त झालेल्या जमिनींबद्दलचा १९९५ चा समझोता घडवण्यात त्यांच्या वडिलांचा, रॉबर्ट महुता ह्यांचा, प्रमुख वाटा होता. २०१६ साली हनुवटीवर परंपरागत गोंदण करून घेऊन सभागृहात बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री सभासद. त्यांच्याविरुद्ध एकवीस वर्षांची मुलगी सुमारे २,९०० मतांच्या आधिक्याने निवडून आली, ह्यात मजूर पक्षाविरुद्धच्या लाटेचा भाग मोठा होता. ‘ते पाती माओरी’ ह्या पक्षाने त्या निवडणुकीत सातांपैकी सहा माओरी जागा जिंकल्या. लाटेचा हिशोब वजा केल्यावरही एक गोष्ट उरते. महुता ह्यांच्या पिढीने संस्थांच्या आत शिरून, समझोते करून काम केले. त्या समझोत्यांमुळे जी पिढी आत्मविश्वासाने वाढली तिला तो मार्ग फार संथ वाटू लागला. यशस्वी पिढीचा पराभव बहुधा तिनेच वाढवलेल्या मुलांकडून होतो.

१२ डिसेंबर २०२३ रोजी माइपी-क्लार्क ह्यांनी पहिले भाषण केले. त्यापूर्वी थोडेच दिवस सत्तेवर आलेल्या संयुक्त सरकारने माओरी आरोग्य प्राधिकरण रद्द करण्याचे आणि सरकारी खात्यांची नावे प्रथम इंग्रजीत लिहिण्याचे ठरवले होते. सभागृहात जे बोलले जाईल ते मनाला लावून घेऊ नये, असा सल्ला आपल्याला मिळाला होता. परंतु येथे झालेले सारे बोलणे मनाला लावून घेण्यावाचून गत्यंतर नाही, अशा आशयाचे त्या बोलल्या. ह्या सल्ल्यात ब्रिटिश धर्तीच्या संसदेचे एक मूळ गृहीतक दडलेले आहे. शब्द हे मुद्द्याचे असतात, माणसाचे नसतात, आणि म्हणूनच सभागृहात तुटून पडलेले दोन सभासद संध्याकाळी एकत्र चहा घेऊ शकतात. माओरी वक्तृत्वाची धाटणी ह्याच्या उलट आहे. तेथे वक्ता प्रथम आपला पर्वत, आपली नदी, आपले पूर्वज ह्यांची नावे घेतो आणि मग मुद्द्यावर येतो. जे बोलावयाचे ते कोणाचा तरी वंशज म्हणून, कोणाला तरी उद्देशून. ह्या भाषणात मोठा भाग सभागृहाला उद्देशून नव्हताच. तो बाहेरच्या माओरी मुलांना उद्देशून होता, ज्यांना आपली भाषा येते त्यांना आणि ज्यांना ती येत नाही म्हणून खंत वाटते त्यांनाही. त्यात हाका होती. पहिल्या भाषणाच्या वेळी गीत वा हाका होणे सभागृहाच्या रूढीत बसले होते, त्यामुळे कोणास खटकले नाही. जानेवारी २०२४ मध्ये ह्या भाषणाची चित्रफीत जगभर गेली.

ह्या काळात आपण राजकारणी नसून भाषेच्या रक्षक आहोत, असे त्या सांगत. ‘काइतिआकी’ हा त्यांचा शब्द. नम्रतेचे वाक्य म्हणून ते सोडून देता येईल. पण १९८६ च्या निर्णयानंतर भाषेचे रक्षण हीच कराराची अंमलबजावणी ठरते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वाक्याला राजकीय अर्थही येतो.

७ नोव्हेंबर २०२४ रोजी वाइतंगी कराराच्या तत्त्वांविषयीचे विधेयक सादर झाले. त्याचे पुरस्कर्ते ‘अ‍ॅक्ट’ पक्षाचे नेते डेव्हिड सेमोर हे स्वतः माओरी वंशाचे असून कायद्यापुढे सर्वांची समानता हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. विधेयकात तीन तत्त्वे होती. सरकार व पार्लमेंट ह्यांना राज्य करण्याचा पूर्ण अधिकार, हे पहिले. माओरी कुळांचे सही करतेवेळचे हक्क मान्य, परंतु ते इतरांच्या हक्कांहून निराळे असतील तर केवळ समझोत्यात नमूद असल्यासच मान्य, हे दुसरे. सर्वांस समान हक्क, हे तिसरे. तिसऱ्या तत्त्वावर कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नव्हते. भाषिक दृष्ट्या निर्णायक होते ते दुसरे. ‘रंगतिरतंगा’ ह्या शब्दाचा त्यात मागमूस नव्हता. १८४० मध्ये भाषांतराने ज्या शब्दाला वाचवले होते, त्याला हे विधेयक पुन्हा इंग्रजी पाठात नेऊन बसवत होते. माओरी पक्षाचा विरोध ह्या ठिकाणी होता, आणि तो शब्दांच्या कीस काढण्याचा विरोध नव्हता. त्या शब्दावर दीडशे वर्षांचे दावे उभे होते.

पहिल्या वाचनाची चर्चा १४ नोव्हेंबरला झाली. तीत मजूर पक्षाचे विली जॅक्सन ह्यांनी सेमोर ह्यांना खोटारडे म्हटल्यावरून त्यांना बाहेर जावे लागले. मग मतदान सुरू झाले. न्यूझीलंडमध्ये पक्षवार मत घेताना प्रत्येक पक्षाचा प्रतिनिधी उभा राहून आपली मते किती आणि कोणत्या बाजूस, एवढेच सांगतो. ते पाती माओरीची सहा मते होती. नाव पुकारले गेले तेव्हा माइपी-क्लार्क उठल्या, विधेयकाची प्रत दुभंगली आणि ‘का माते’ ही हाका सुरू केली. पक्षाचे इतर सभासद पुढे आले, प्रेक्षकांच्या सज्जातून शेकडो कंठांनी साथ दिली, आणि अध्यक्ष जेरी ब्राउनली ह्यांना बैठक तहकूब करून सज्जा रिकामा करावा लागला.

जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ च्या हार्वर्ड व्याख्यानांत जी उपपत्ती मांडली, तिच्या प्रकाशात हा प्रसंग फार बोधप्रद आहे. काही उक्ती वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत. त्या उच्चारल्याने कृतीच घडते. ‘सहा मते विरुद्ध’ ही तशी उक्ती. ती मताची माहिती देत नाही. ती म्हणजेच मत. अशा उक्तीला ठराविक शब्द, ठराविक वेळ आणि ठराविक व्यक्ती लागते, आणि त्यांपैकी काही चुकले तर कृती फसते. हाकादेखील ह्याच वर्गातली आहे. ती आव्हान असते, नकार असतो, वा सन्मान असतो. पण ती कधीही नुसते वर्णन नसते. एका कृतिरूप उक्तीची अपेक्षा असलेल्या जागी दुसऱ्या परंपरेतील कृतिरूप उक्ती आली. उत्तर दिले गेले नाही असे नव्हे. उत्तर ऐकून घेण्याची सोय सभागृहात नव्हती.

‘का माते’ची निवडही अर्थपूर्ण आहे. ही हाका ङाती तोआ कुळाचा सरदार ते राउपराहा ह्याने १८२० च्या सुमारास रचली असे मानतात. आणि परंपरा सांगते की ज्या शत्रूंपासून तो तेव्हा लपला होता ते वाइकातोचे व त्यांच्या मित्रकुळांचे योद्धे होते. वाइकातोच्या मुलीने वाइकातोच्या जुन्या वैऱ्याची रचना संपूर्ण माओरी समाजाचा नकार म्हणून उच्चारली. रग्बीच्या मैदानाने ती रचना सर्वांची करून टाकली हे खरे. तरी तिचे कर्तृत्व विस्मृतीत जाऊ नये म्हणून ह्याच पार्लमेंटने २०१४ साली खास कायदा करून ते राउपराहा व त्याच्या कुळाचे श्रेय नोंदवले होते. ज्या पाठाच्या सन्मानार्थ सभागृहाने कायदा केला त्याच पाठाच्या उच्चाराबद्दल दहा वर्षांनी सभागृहाने शिक्षा केली.

शिक्षेची पहिली पायरीही भाषेचीच होती. वेस्टमिन्स्टर पद्धतीत अध्यक्ष सभासदाचे ‘नाव घेतात’, आणि नाव घेतले गेले की निलंबनाचा ठराव येतो. मराठीत नाव घेणे हा मंगल प्रसंग. तेथे ते दंडाचे पहिले पाऊल. त्या दिवशी चोवीस तासांचे निलंबन झाले. १९ नोव्हेंबरला उत्तरेकडून निघालेली मोठी पदयात्रा पार्लमेंटवर पोचली तेव्हा पोलिसांच्या अंदाजाने बेचाळीस हजार लोक जमले होते, आणि त्यांच्यापुढे माइपी-क्लार्क ह्यांनी पुन्हा हाका केली. पायरीवर उभे राहण्याची १९७२ ची परंपरा आता सभागृहाच्या सभासदाकडूनच चालू होती.

विधेयकाचे पुढे जे झाले ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. प्रवर समितीकडे तीन लाखांहून अधिक निवेदने आली; त्यांतील बहुसंख्य विरोधात होती. १० एप्रिल २०२५ रोजी दुसऱ्या वाचनात ११२ विरुद्ध ११ मतांनी ते फेटाळले गेले. सरकारमधील इतर दोन पक्षांनी त्याला पहिल्या वाचनापलीकडे पाठिंबा न देण्याचे आधीच ठरवले होते, तेव्हा हाकेने विधेयक पाडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. निवेदनांच्या लोंढ्यामागे मात्र त्या क्षणाचा वाटा होता, हे नाकारता येत नाही.

विधेयक गेले, खटला राहिला. हक्कभंग समितीपुढे चार सभासदांचा विषय होता. मजूर पक्षाचे पीनी हेनारे ह्यांनी आपली जागा सोडून पुढे गेल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि त्यांचे प्रकरण मिटले. ते पाती माओरीच्या तिघांनी, सर्वांची सुनावणी एकत्र व्हावी व ‘तिकंगा’ म्हणजे माओरी रीतिरिवाज जाणणाऱ्याची साक्ष घेतली जावी, ह्या मागण्या मान्य न झाल्याने उपस्थित राहण्याचे नाकारले. मे २०२५ मध्ये समितीने अहवाल दिला. सभागृहात हाका होणे नवे नाही, असे समितीनेही मान्य केले. तिचा आक्षेप वेळेवर आणि परवानगीवर होता : मतदान चालू असताना, अध्यक्षांची संमती न घेता, आणि दुसऱ्या पक्षाच्या बाकांकडे जाऊन ती केली गेली, त्यामुळे सभासदांवर दडपण येणे शक्य होते, म्हणून तो सभागृहाचा अवमान. पक्षाच्या दोन सहनेत्यांना, राविरी वाइतिती व डेबी ङारेवा-पॅकर ह्यांना, एकवीस दिवसांचे आणि माइपी-क्लार्क ह्यांना, त्यांनी खेदाचे पत्र दिल्यामुळे, सात दिवसांचे निलंबन सुचवण्यात आले. त्याआधीची सर्वांत मोठी शिक्षा १९८७ साली रॉबर्ट मल्डून ह्यांना झालेली तीन दिवसांची होती. ५ जून २०२५ रोजी सत्तारूढ पक्षांच्या बहुमताने शिफारस मंजूर झाली.

समितीचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. मतदानाच्या क्षणी कोणत्याही पक्षाने आपल्या पद्धतीने मतदान थांबवावे, हे एकदा मान्य केले तर दुर्बलांचे संरक्षण करणारे नियमही उरत नाहीत, आणि माओरी सभासद हे संख्येने दुर्बलच आहेत. परंतु युक्तिवादाची दुसरी बाजू समितीने पुरती पाहिली असे दिसत नाही. परवानगी घेऊन केलेला नकार हा नकार राहतो काय? ‘मराए’ ह्या माओरी सभास्थानी पाहुणा आला म्हणजे त्याला आव्हान होते, स्त्रीचा आवाज त्याला बोलावतो, मग भाषणे व त्यांच्या पुष्टीस गीते. ह्या क्रमात हाकेला तिची नेमकी जागा आहे आणि तीही नियमानेच बांधलेली आहे. म्हणजे एका बाजूस नियम व दुसऱ्या बाजूस स्वैरता असा हा सामना नव्हता. दोन नियमव्यवस्था समोरासमोर होत्या, आणि त्यांपैकी एकीचेच जाणकार निवाड्यास बसले होते. तिकंगा जाणणाऱ्याच्या साक्षीची मागणी ह्या दृष्टीने मुळीच अवाजवी नव्हती.

निलंबनावरील चर्चेत माइपी-क्लार्क बोलल्या तेव्हा त्यांचा कंठ दाटून आला होता. आपले आवाज ह्या सभागृहाला फार मोठे वाटले म्हणून ही शिक्षा आहे काय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सातव्या दिवसानंतर त्या आपल्या जागेवर परत आल्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये तामाकी माकाउराउ येथील पोटनिवडणुकीत ओरिइनी काइपारा त्याच पक्षातर्फे निवडून आल्या. ९ ऑक्टोबरला त्यांचे पहिले भाषण झाले. भाषणानंतरच्या गीतास अध्यक्षांची संमती घेतलेली होती. ते संपताच सज्जातून संमती नसलेली हाका उठली आणि काही सभासदांनी तिला साथ दिली. अध्यक्षांनी बैठक तहकूब केली.